‘नको’ हा पहिला धडा

“तुम्ही नेमकें काय करतां?” हा प्रश्न मला नेहमीं विचारला जातो. डॉक्टर रोग बरा करतो, शिक्षक विद्या शिकवितो, वकील दुसऱ्याचें भांडण भांडतो, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु विकासात्मक दिव्यांगता असलेल्या मुलांची वर्तन-चिकित्सक म्हणून काम करणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करीत असेल, याची कल्पना सुशिक्षित घरांतूनहि क्वचितच आढळते. कोणास वाटतें, आम्ही हट्टी मुलांना वळण लावतों; कोणास वाटतें, आम्ही मुलांशीं खेळतों आणि खेळण्याचे पैसे घेतों. दोन्ही समजुतींत थोडें थोडें तथ्य आहे, पण मर्म दोहोंतहि नाहीं. म्हणून या व्यवसायाचें स्वरूप, आणि त्यांतील जी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ज्यांच्यासाठीं हें काम चालतें तीं मुलें कोण? कांहीं मुलांची वाढ नेहमींच्या वाटेनें होत नाहीं. कुणी चार वर्षांचें झालें तरी बोलत नाहीं. कुणी बोलतें, पण ऐकलेलें वाक्यच पुन्हां पुन्हां उच्चारतें. कुणाला सदऱ्याचें बटण लावावयास शिकण्यासाठीं वर्ष लागतें. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी अशीं यांतील कांहीं प्रकारांचीं नांवें आपल्या कानांवर आलीं असतील. स्वमग्नतेचें पहिलें सविस्तर वर्णन अमेरिकेंतील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांच्या हकीगतींवरून केलें. आपल्याकडे १९९५ च्या दिव्यांगविषयक कायद्यांत सातच प्रकार मानलेले होते व त्यांत स्वमग्नतेचें नांव नव्हतें; २०१६ च्या कायद्यानें ते प्रकार एकवीस केले व त्यांत स्वमग्नतेला स्थान दिलें. हे औषधानें उतरणारे ताप नव्हेत. मेंदूच्या घडणीशीं वा वाढीशीं त्यांचा संबंध आहे, आणि ते सामान्यतः जन्मभर सोबत राहतात. म्हणून आमच्या कामाचें ध्येय ‘बरें करणें’ हें नसून, त्या मुलाचें जगणें त्याला स्वतःला आणि त्याच्या माणसांना सुसह्य व्हावें, हें आहे.

अशा मुलांपैकीं कांहींचें वर्तन घरच्यांना भयभीत करणारें असतें. मूल किंचाळतें, चावतें, जमिनीवर अंग टाकतें, स्वतःचें डोकें भिंतीवर आपटतें. लग्नाच्या कार्यालयांत किंवा आगगाडीच्या डब्यांत असा प्रसंग घडला म्हणजे भोंवतालचे लोक आईकडे पाहतात. आणि त्या पाहण्यांत ‘पोराला वळण नाहीं’ हा निकाल स्पष्ट लिहिलेला असतो. घरांतहि निकाल तयारच असतात. आजोबा म्हणतात हट्ट आहे, शेजारीण म्हणते दृष्ट लागली, मास्तर म्हणतात शिस्त नाहीं. हे निकाल एकमेकांहून कितीहि निराळे असले तरी त्यांत एक साम्य असतें. मुलाला या वर्तनांतून कांहीं सांगावयाचें असेल, ही शंकाच कोणास आलेली नसते.

आमच्या शास्त्राचा आरंभ या शंकेपासून होतो. कोणतेंहि वर्तन पुन्हां पुन्हां घडत असेल, तर त्यानें करणाऱ्याचें कांहींतरी साधत असलें पाहिजे. काय साधतें, हें ओळखण्याची रीत सोपी आहे, पण ती चिकाटीनें पाळावी लागते. वहीच्या पानावर तीन रकाने आंखावयाचे. पहिल्यांत, वर्तनापूर्वीं काय घडलें; दुसऱ्यांत, मुलानें काय केलें; तिसऱ्यांत, त्यानंतर भोंवतालच्या माणसांनीं काय केलें. आठ-पंधरा दिवस ही वही निष्ठेनें भरली म्हणजे बहुधा एक आकृति दिसूं लागते. अमेरिकेंतील ब्रायन इवाटा व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांना क्रमानें निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलें: कधीं काम पुढें टाकून, कधीं एकटें ठेवून, कधीं इजा केल्यावरच त्यांच्याकडे लक्ष देऊन, आणि कधीं नुसतें खेळूं देऊन. नवांपैकीं सहा मुलांच्या बाबतींत असें आढळलें कीं, इजा एका विशिष्ट परिस्थितींतच वाढते. आणि ती परिस्थिति प्रत्येक मुलागणिक निराळी. बाहेरून एकच दिसणारें वर्तन एकाचें ‘माझ्याकडे पाहा’ असें असतें, दुसऱ्याचें ‘मला तें हवें’ असें, तिसऱ्याचें ‘हें माझ्यानें होत नाहीं, सोडवा’ असें. आणि चौथ्याच्या बाबतींत त्याला त्या क्रियेंतून मिळणारी शरीराची संवेदनाच हवी असते. शिवाय कधीं कधीं किडलेला दांत, ठणकणारा कान किंवा बद्धकोष्ठ हेंच कारण निघतें. म्हणून वही उघडण्यापूर्वीं मुलाला डॉक्टरांकडे पाठविणें हा आमचा पहिला नियम आहे.

उदाहरणादाखल एक मुलगा घेऊं. वय सहा वर्षें, तोंडांत शब्द एकहि नाहीं. दिवसांतून पुष्कळदां तो दोन्ही तळहातांनीं स्वतःच्या कानशिलांवर जोराचे तडाखे मारून घेई. कान व दांत तपासले, त्यांत दोष नव्हता. मग आईनें वही भरली. तींतून दिसलें तें असें: तडाखे जवळजवळ नेहमीं कुणीतरी त्याचा हात धरून कांहीं करवूं लागलें कीं सुरू होत. घांस भरवितांना, पेन्सिल धरवितांना, सदरा चढवितांना. आणि तिसऱ्या रकान्यांत प्रत्येक वेळीं एकच नोंद: ‘घाबरून सोडून दिलें.’ मुलाचें गणित यावरून उलगडलें. त्याच्यापाशीं शब्द नव्हता; मान फिरवून, हात मागें ओढून त्यानें पूर्वीं सांगून पाहिलें असेल, पण तें कुणी ऐकलें नसावें. तडाखे मात्र सर्वजण ऐकत. त्या तडाख्यांचें मराठींत भाषांतर केलें तर एकच शब्द निघे: ‘नको’.

आतां उपाय काय? तडाखे थांबविण्यासाठीं त्याचे हात धरून ठेवणें हा उपाय नव्हे. तोंड दाबल्यानें बोलणाऱ्याचें म्हणणें मिटत नाहीं. त्याला ‘नको’ म्हणण्याची दुसरी, सोपी आणि न दुखणारी रीत शिकवावयाची. आम्ही तळहाताएवढें एक तांबडें पुठ्ठ्याचें कार्ड केलें, त्यावर आडव्या धरलेल्या हाताचें चित्र काढलें, आणि तें त्याला सहज लागेल असें जवळ ठेवलें. हात धरण्याची वेळ आली कीं, तडाखा पडण्यापूर्वींच आमची चिकित्सक त्याचा हात हलकेच कार्डाला लावी आणि त्याच क्षणीं समोरची वस्तु दूर केली जाई. वीस वेळां त्यानें कार्डाला हात लावला तर वीसहि वेळां. औषध, रस्ता ओलांडतांना धरावा लागणारा हात, अशा टाळतां न येणाऱ्या गोष्टी अगोदरच निराळ्या काढल्या होत्या. त्या वेळीं कार्ड पुढें करून खोटी निवड द्यावयाची नाहीं, असा नियम होता.

हें पाहून त्याच्या आजींना राहवेना. त्या म्हणाल्या, “अहो ताई, दर वेळीं असें ऐकलें तर पोर डोक्यावर नाहीं का बसणार?”

मीं विचारलें, “आजी, तुम्हीं ‘पुरे’ म्हटल्यावरहि वाढणारानें आग्रहानें वाढावयास घेतलें, तर तुम्ही काय करतां?”

“पानावर हात आडवा धरतें.”

“हा आडवा हातच आपण याला देत आहोंत.”

आजींचें समाधान तेवढ्यावर झालें असें नाहीं. पण त्यांनीं कार्डाला विरोध करणें सोडलें, आणि पुढें तर नातवानें कार्डाला हात लावला कीं सर्वांत आधीं ताट मागें घेणाऱ्या त्याच झाल्या. पहिल्या महिन्यांत मुलगा ऊठसूट ‘नको’ म्हणे. हें होणारच, ज्याचें म्हणणें सहा वर्षें ऐकलें गेलें नाहीं, त्यानें तें पुन्हां पुन्हां म्हणून पाहिलें तर नवल काय? मग हळूहळू पुढची पायरी घेतली. कार्डाला हात लागला कीं, “हो, पुरे, आणखी एकच घांस, मग पुरे.” नंतर दोन घांस. नंतर दोन सद्ऱ्यांतून कोणता, हें त्यानें निवडावयाचें. सुमारें चार महिन्यांनीं, जे तडाखे दिवसाच्या हिशेबानें मोजीत होतों ते आठवड्याच्या हिशेबानें मोजावे लागूं लागले. ते अजिबात गेले नाहींत. ताप आला, शेजारीं लग्नाचा बॅंड वाजला, कीं परत येत. पण मुलगा आतां आईच्या हातून जेवूं लागला होता, आणि पेन्सिल धरण्याला त्याची ना नव्हती. कारण ती खालीं ठेवतां येते, हें त्याला कळलें होतें.

ही युक्ति आमची नव्हे. अमेरिकेंतील एडवर्ड कार व मार्क ड्युरॅंड या दोन मानसशास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं चार मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. जीं मुलें अवघड अभ्यासामुळें दंगा करीत, त्यांना त्यांनीं ‘मला समजत नाहीं’ हें वाक्य शिकविलें. जीं लक्ष वेधण्यासाठीं करीत, त्यांना ‘माझें काम चांगलें होतें आहे ना?’ असें विचारावयास शिकविलें. दंगा लक्षणीय कमी झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, मुलाच्या गरजेशीं न जुळणारें वाक्य शिकविलें तेव्हां कांहीं उपयोग झाला नाहीं. म्हणजे कोणताहि शब्द चालत नाहीं. मुलाला जें म्हणावयाचें असेल तोच शब्द त्याला द्यावा लागतो.

आमच्या शास्त्राचा इतिहास सर्वस्वीं असा उजळ नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. १९६४ सालीं माँट्रोझ वुल्फ व सहकाऱ्यांनीं साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळें त्याच्या डोळ्यांतील भिंगें काढावीं लागलीं होतीं. चष्मा न लावल्यास दृष्टि जाण्याचा धोका होता, आणि मूल चष्मा लावूं देईना. त्यांनीं प्रथम नुसत्या चौकटी हाताळण्याबद्दल, मग त्या डोळ्यांपाशीं नेण्याबद्दल, अशा लहान लहान पायऱ्यांनीं मुलाला बक्षीस देत देत चष्मा लावावयास शिकविलें. धीरानें काय होतें, याचा हा उत्तम दाखला. दुसऱ्या बाजूस, कॅलिफोर्नियांतील ओले इवार लोवास यांचा १९८७ चा अभ्यास पाहा. एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास शिकवून त्यांपैकीं नऊ मुलें सामान्य शाळेंत व सामान्य बुद्धिमापनांत बसलीं, असें त्यांत म्हटलें होतें. त्या बातमीनें पुष्कळ आईबापांना आशा दिली. परंतु मुलें दोन गटांत चिठ्ठ्या टाकून वांटलेलीं नव्हतीं, असा आक्षेप शास्त्रज्ञांनींच घेतला. आणि त्या शिकवणींत मोठ्यानें दटावणें व मांडीवर चापट मारणें यांचाहि उपयोग केलेला होता. अशा तऱ्हेच्या शिकवणींतून गेलेलीं कांहीं मुलें आतां मोठीं झालीं आहेत, आणि तीं सांगतात कीं, आम्हांला इतरांसारखें दिसावयास शिकविलें, पण आम्हांला काय वाटतें हें कुणीं विचारलें नाहीं. हें म्हणणें मी माझ्या व्यवसायावरील हल्ला मानीत नाहीं. जो व्यवसाय वर्तनांतून म्हणणें ऐकण्याची प्रतिज्ञा करतो, त्यानें स्पष्ट शब्दांत सांगितलेलें म्हणणें तर ऐकलेंच पाहिजे.

येथें प्रमुख चिकित्सकाच्या कामाचा प्रश्न येतो. मुलासमोर जमिनीवर बसून तासन् तास शिकविणाऱ्या बहुधा माझ्या तरुण सहकारी असतात. मी मागें बसून वही, घड्याळ आणि आलेख पाहतें. मोजमापाचा काटेकोरपणा हें माझें पहिलें काम. ‘मूल रागावलें’ ही नोंद मी खोडतें, कारण राग मोजतां येत नाहीं. ‘तळहात कानशिलावर आपटला’ ही मोजतां येते. दोघींनीं निरनिराळें बसून मोजलें आणि आंकडे जुळले नाहींत, तर दोष मुलांत नव्हे, आमच्या व्याख्येंत आहे असें समजावयाचें. दुसरें काम घरच्या माणसांना तयार करणें. ज्या किंचाळण्यानें आजवर बिस्किट मिळत असे, त्यानें तें मिळेनासें झालें कीं किंचाळणें प्रथम वाढतें. दिवा विझण्यापूर्वीं भडकतो तसें. हें आधीं सांगून ठेवलें नाहीं तर तिसऱ्या दिवशीं घरचे हात टेकतात, आणि ‘आणखी मोठ्यानें किंचाळलें कीं मिळतें’ हा धडा मुलाला पक्का होतो. म्हणून बिस्किट मागण्याची दुसरी रीत हातीं दिल्यावांचून पहिली रीत बंद करावयाचीच नाहीं.

परंतु तिसरें काम सर्वांत जबाबदारीचें आहे. तें म्हणजे काय शिकवावयाचें आणि कशाला हात लावावयाचा नाहीं, हें ठरविणें. बाप म्हणतो, “तो हात फडफडवितो, लोक बघतात, तेवढें बंद करा.” सहकारी म्हणते, “डोळ्यांत डोळे घालून पाहावयास शिकवूं या.” अशा वेळीं मी एकच प्रश्न विचारतें: यांत मुलाचा लाभ काय? हात फडफडविल्यानें त्याला बरें वाटतें, कोणास इजा होत नाहीं. मग लोकांच्या नजरेसाठीं त्याचा विसांवा कां काढून घ्यावा? डोळ्यांत पाहणें कित्येक स्वमग्न मुलांना त्रासदायक होतें. तें न करतांहि मूल नीट ऐकत असतें. ‘आज्ञाधारकपणा वाढविणें’ असें उद्दिष्ट कुणी कागदावर लिहून आणलें तर तें मी परत करतें. शौचाची सूचना देणें, पाणी मागणें, दुखतें तो अवयव दाखविणें, मदत मागणें, आणि ‘नको’ म्हणणें, हीं उद्दिष्टें मी आनंदानें मान्य करतें.

‘नको’वर माझा एवढा भर कां, असें आपण विचाराल. याचें कारण एक प्रश्न आहे. या मुलांचे आईबाप पहिल्या भेटींत पुष्कळ गोष्टी विचारतात: बोलेल का, शाळेंत जाईल का, लिहील का. पण ओळख वाढली, दार लोटलें, कीं हलक्या आवाजांत एकच प्रश्न येतो: “आमच्या मागें याचें कसें होईल?” या प्रश्नाचें कायद्यानें दिलेलें एक उत्तर आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, सेरेब्रल पाल्सी व बहुविध दिव्यांगता असलेल्यांसाठीं कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे, आणि ती प्रत्येक कुटुंबानें समजून घ्यावी. संस्थांचेंहि एक उत्तर आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्यें एका आईबापांनीं आपल्या मुलीसाठीं घरांतच सुरू केली, आणि ती त्यांच्या मागेंहि चालूं राहिली. पण कायदा आणि संस्था यांनीं न भागणारें कांहीं उरतेंच. आईबापांच्या मागें या माणसाला जेवूं घालणारे, न्हाऊं घालणारे, कपडे बदलणारे हात परक्यांचे असणार. त्यांतील बहुतेक हात मायेचे असतील. परंतु सर्वच असतील, याची हमी कोण देणार? जें मूल कुणाच्याहि सांगण्यावरून उठतें-बसतें, कुणींहि हात लावला तरी गप्प राहतें, त्याला आपण मोठ्या कौतुकानें ‘शहाणें’ म्हणतों. त्याच्याइतकें असुरक्षित मूल दुसरें नाहीं. ज्याला ‘नको’ म्हणतां येतें, आणि आपलें ‘नको’ ऐकलें जातें हा ज्याचा अनुभव आहे, त्यालाच एखादे दिवशीं तें ऐकलें गेलें नाहीं ही गोष्ट वेगळी वाटेल, खटकेल, आणि तो ती कुणाला तरी कळवील.

चाळीस तासांची शिकवणी आपल्याकडील बहुतेक घरांना परवडणारी नाहीं. आणि या शिकवणीला ती लागतहि नाहीं. पोळी वाढतांना, अंघोळीचें पाणी काढतांना, सदरा निवडतांना, दिवसाकांठीं दहा वेळां ती आपोआप चालते. आणि ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं त्यांनाहि तींत वांटा आहे. शेजारचें मूल जिन्यांत ओरडलें, तर त्याच्या आईकडे रोखून न पाहतां “मी कांहीं धरूं का?” एवढें विचारावें. समारंभांत अशा मुलाचा गालगुच्चा घेण्यासाठीं हात पुढें केला आणि त्यानें मान फिरविली, तर हात मागें घ्यावा. आपल्याला ती साधी गोष्ट वाटेल. पण आपलें म्हणणें परक्या माणसानेंहि ऐकलें, हा त्या मुलाच्या आयुष्यांतला कदाचित् पहिलाच अनुभव असेल.